घाटावरचं गाव : दूर, पण कुणापासून?

आज आपण हिवरा आश्रमात आहोत. तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. इथल्या लोकांना हा पत्ता सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी पुढचा खुलासाही करावा लागतो : बुलढाणा म्हणजे विदर्भात, वऱ्हाडात, आणि वऱ्हाडातसुद्धा घाटावर.

आमचा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा. इतिहासाकडे आम्ही वळलो तो एका कागदामुळे. निवृत्तीनंतर आम्ही एका समितीवर होतो. समितीचं नाव महत्त्वाचं नाही, आता ती अस्तित्वातही नाही. प्रत्येक गावासाठी एक तक्ता भरायचा होता आणि त्यात एक रकाना होता : 'गाव दुर्गम आहे काय? होय / नाही.' याच पठारावरच्या एका गावासमोर आमच्या सहकाऱ्यानं पटकन 'होय' लिहिलं. शेजारी त्या गावचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "सर, दुर्गम म्हणजे कुठून?" सहकारी हसले. आम्हाला मात्र हसू आलं नाही. तो प्रश्न आम्ही तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवत होतो, आणि तक्त्यात तो आमच्या लक्षात आला नव्हता.

वैशेषिक दर्शनात चोवीस गुण सांगितले आहेत. रूप, रस, गंध, स्पर्श असे. त्यांतच दोन गुण आहेत, परत्व आणि अपरत्व. सोप्या भाषेत दूरपणा आणि जवळपणा. आता गंमत बघा. आंब्याचा पिवळेपणा आंब्यात असतो, तुम्ही पाटण्यात असा की पुण्यात. दूरपणाचं तसं नाही. न्यायाच्या पाठ्यग्रंथांत उदाहरण येतं : पाटलिपुत्राहून पाहिलं तर काशीपेक्षा प्रयाग दूर, पण कुरुक्षेत्राशी तुलना केली तर तोच प्रयाग जवळ. प्रयाग जागचा हलला नाही. म्हणजे दूरपणाला तीन गोष्टी लागतात : जे दूर आहे ते, ज्याच्याशी तुलना करायची ते, आणि जिथून पाहायचं ती जागा. शिवाय लागते पाहणाऱ्याची बुद्धी, जिला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. ती मावळली की दूरपणाही मावळतो, इतकं स्पष्ट त्यांनी सांगून ठेवलं आहे. आमच्या तक्त्यात एकच रकाना होता, 'जिथून' हा रकानाच नव्हता. आज आपण त्या रकान्याचा इतिहास पाहणार आहोत. घाटावरचा हा मुलूख कधी, कुठून आणि कुणामुळे दूर झाला, एवढाच आजचा विषय.

आधी जमीन समजून घेऊ. बुलढाणा जिल्ह्याचे दोन मजले आहेत. खालचा मजला मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद यांचा. पूर्णेचं खोरं, समुद्रसपाटीपासून अडीचशे-पावणेतीनशे मीटरच्या आसपास. वरचा मजला बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा यांचा. बुलढाणा शहर साधारण साडेसहाशे मीटरवर. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड. राजूरचा घाट चढताना, बोथ्याच्या जंगलातून येताना ती कड कानात दडे बसवून आपली ओळख करून देते. जुन्या कागदपत्रांत या दोन मजल्यांना नावं होती, बालाघाट आणि पाईनघाट. बाला म्हणजे वर, पाईन म्हणजे खाली. आजही जिल्ह्यात कुणी विचारलं, "पाहुणे कुठले?" तर गावाचं नाव नंतर येतं, आधी येतं 'घाटावरचे' नाहीतर 'घाटाखालचे'.

त्या कडेवर पाऊस पडतो तेव्हा थेंबांची फाळणी होते. उत्तरेला घरंगळलेला थेंब पूर्णेत जातो, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तो अरबी समुद्रात पोचतो. दक्षिणेला पडलेला पैनगंगेत जातो, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. गोंधळ वाढवायला आणखी एक : देऊळगावराजाकडून वाहणारी खडकपूर्णा पुढे पूर्णा म्हणूनच ओळखली जाते, पण ती गोदावरीची. एकाच जिल्ह्याला दोन पूर्णा, दोन समुद्र. घाटाखाली काळी, खोल, कसदार माती, पण पाणी खारं, तो खारपाणपट्टा. घाटावर पाणी गोड, पण जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी, मुरमाड, हातभर खणलं की खडक. म्हणजे देवानं घाटाखाली माती दिली आणि घाटावर पाणी, अशी वाटणी. भांडण नको म्हणून केली असेल.

या गावाचं नावही त्या हलक्या जमिनीचंच सांगणं आहे. हिवर म्हणजे पांढरट सालीचं, काटेरी, बाभळीच्या जातीतलं झाड. कमी पाण्यावर तगतं, गुरांना शेंगा देतं. त्यावरून पडलेली हिवरा नावाची गावं विदर्भ-मराठवाड्यात इतकी आहेत की पोस्टमनला दया यावी. कुठे बुद्रुक, कुठे खुर्द. या हिवऱ्याला ओळख मिळाली ती 'आश्रम' या शब्दानं, आणि तो शब्द 1965 नंतरचा. त्याकडे शेवटी येऊ.

आता 'दुर्गम' या शब्दासमोर काही नोंदी ठेवू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी' लिहिली. त्यात वऱ्हाड सुभ्याची जी सरकारं मोजली आहेत, त्यांत मेहकर हे एक सरकार. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्याच्या तोलाचा विभाग. त्याच ग्रंथात लोणारची दखल आहे. काच आणि साबण बनवायला लागणारी द्रव्यं इथल्या डोंगरात मिळतात आणि त्यांतून सरकारला चांगलं उत्पन्न येतं, असा त्याचा आशय. दिल्ली-आग्र्याच्या दरबारात बसलेल्या माणसाला लोणारचा खार माहीत होता. सरोवराच्या काठावर निघणाऱ्या खारांना स्थानिक नावं होती, डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. प्रत्येकाचा उपयोग वेगळा, भाव वेगळा. ते सरोवर उल्कापातानं झालं हे शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात पक्कं केलं. वय पन्नास हजार वर्षं की पाच लाख सत्तर हजार, यावर दोन पद्धतींची दोन उत्तरं आहेत. 2020 साली पाणी गुलाबी झालं तेव्हा टीव्हीवाले धावत आले आणि लोणार 'उजेडात आलं' असं म्हणाले. अहो, ते चारशे वर्षांपूर्वी साबणाच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. दैत्यसूदन मंदिर बांधणाऱ्यांना तर त्याच्याही आधी.

मेहकरची गोष्ट तशीच. मेहकरच्या मोमीन विणकरांची एके काळी एवढी भरभराट होती की गावाच्या तटबंदीला त्यांनी स्वतःचा पैसा लावला, असं जुनं गॅझेटियर सांगतं. इथली धोतरं लांबच्या बाजारांत जात. शारंगधर बालाजीची अकरा फुटांच्या आसपास उंचीची देखणी मूर्ती 1888 मध्ये जमिनीतून निघाली. एवढं शिल्प घडवणारं आणि पुढे संकटात जमिनीत लपवणारं गाव आडबाजूचं असण्याची शक्यता कमी; आडबाजूला संकट सहसा येत नाही. मेहकरच्या कंचनीच्या महालाची दंतकथा तुम्ही ऐकलीच असेल. महालाच्या गच्चीवरून लोणारच्या देवस्थानाचा दिवा दिसावा अशी तिची इच्छा. दंतकथा म्हणूनच घ्या. पण आमच्या विषयाला ती नेमकी लागू पडते, कारण तिला अंतर पायांनी तोडायचं नव्हतं, नजरेनं तोडायचं होतं.

आणि सिंदखेड. लखुजी जाधवरावांचं सिंदखेड, 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म झाला ते. निजामशाही आणि मोगल, दोघांनाही जाधवराव आपल्या बाजूला हवे असत. 1629 मध्ये दौलताबादेत दरबारात बोलावून लखुजी आणि त्यांच्या मुलांची हत्या झाली. सत्तेच्या इतकं जवळ असणं जिवावर बेतू शकतं, हे त्या घराण्याला कळलं होतं. लखुजींची समाधी पाहताना आम्हाला हे नेहमी जाणवतं की ही इमारत कोपऱ्यातल्या वतनदाराची नाही.

पण या सगळ्यांपेक्षा आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते साखरखेर्डा. इथून एका दुपारच्या अंतरावरचं गाव. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, एरवी शांत. इतिहासाच्या किती विद्यार्थ्यांना ते माहीत आहे? हैदराबाद संस्थान, भारतातलं सगळ्यात मोठं संस्थान म्हणून जे 1948 पर्यंत नांदलं, त्याचा पाया या गावाच्या शिवारात घातला गेला.

झालं असं. निजाम-उल-मुल्क दिल्लीचा वजीर होता. दरबारच्या कारस्थानांना कंटाळून तो दक्षिणेकडे निघाला. बादशहा मुहम्मदशहानं वरवर गोड बोलून आतून हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला कळवलं की दख्खनची सुभेदारी आता तुझी, याला अडव. मे 1724 मध्ये निजामानं माळव्यात नालछ्याला बाजीराव पेशव्याची भेट घेतली. मग तो औरंगाबादेत आला. मुबारिजखान हैदराबादेहून निघाला. दोघांची गाठ ऑक्टोबर 1724 मध्ये साखरखेर्ड्याला पडली. मराठी फौज निजामाच्या बाजूनं होती. मुबारिजखान दोन मुलांसह मारला गेला. पुढच्या वर्षी बादशहानं जे झालं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि 'आसफजाह' ही पदवी दिली. निजामानं गावाचं नाव बदलून फतेहखेर्डा केलं. कागदावर ते बराच काळ चाललं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही दोन्ही नावं सापडतात. लोकांनी मात्र ते काही तोंडी लावून घेतलं नाही. गाव आजही साखरखेर्डाच आहे. विजेत्यानं ठेवलेलं नाव आणि आजीनं ठेवलेलं नाव यांत आजीच जिंकते, हा आमचा अनुभव.

तिथे 1581 सालची एक मशीद आहे. म्हणजे लढाईच्या वेळीच ती दीडशे वर्षांच्या घरात होती. सैन्यं मोकळ्या माळावर भेटली नव्हती. नांदत्या, रस्त्यावरच्या गावाशेजारी भेटली होती.

इथे आम्हाला स्वतःलाच थांबवावं लागतं. एक मोह होतो. 'बघा, आमचा मुलूख किती मध्यवर्ती होता, इंग्रजांनी मागास केला' असं म्हणून टाळ्या घेता येतात. ते अर्धसत्य आहे. रस्त्यावर असण्याची किंमत असते आणि ती किंमत शेतकरी देतो. 1724 नंतर वऱ्हाडात दुहेरी अंमल सुरू झाला, दोअमली. एक वसुली निजामाची, एक नागपूरकर भोसल्यांची. एकाच खळ्यावर दोन माप घेऊन दोन माणसं उभी. त्यात फौजा येणार, चारा नेणार, बैल नेणार. 1803 मध्ये अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, देवगावच्या तहानं भोसल्यांचा वऱ्हाडावरचा हक्क सुटला. त्याच सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. 1804 च्या आरंभी जनरल वेलस्ली, पुढे जो वॉटर्लूला नेपोलियनला हरवणार होता तोच, सिंदखेडच्या परिसरातून गेला. त्यानं जे पाहिलं ते कळवलं : चोरांचा सुळसुळाट, शेकड्यांनी माणसं भुकेनं मरताहेत, आणि त्यांना वाचवायला कसलंच सरकार जागेवर नाही. जिजाऊंच्या गावाची ही अवस्था. मेहकरचे विणकरही त्या दशकांतल्या लूटमारीत आणि दुष्काळात खचले. अशा काळात ज्या गावाकडे रस्ता जात नव्हता ते गाव सुखी म्हणायचं. कितीतरी गावं मुद्दाम नाल्याच्या वळणात, टेकडीच्या आडोशाला वसली आहेत. तिथला दूरपणा पूर्वजांनी निवडलेला आहे. आमच्या तक्त्यात त्यालाही रकाना नव्हता.

मग आजचा, न निवडलेला दूरपणा कधी आला? आमच्या मते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तीन बाजूंनी.

1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. 1860 च्या दशकात घाटावरच्या या भागाचा वेगळा जिल्हा झाला, आधी नाव नैर्ऋत्य वऱ्हाड, मग मेहकर. पण साहेबांना हवा मानवली ती बुलढाण्याची. थंड, उंच, घाटाच्या तोंडाशी. मुख्य ठाणं तिकडे गेलं, आणि अकबराच्या काळी जे सरकारचं ठिकाण होतं ते मेहकर तालुक्याचं गाव झालं. ही पहिली बाजू, आणि तिन्हींत लहान.

दुसरी बाजू रेल्वेची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, 1861 ते 1865. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. नजर वळली वऱ्हाडाकडे. मुंबई-नागपूर रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. ती कुठून गेली? घाटाखालून. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. इंजिनिअरचं यात काही चुकलं नाही. सपाटी सोडून घाट कोण चढेल? खामगाव तर रेल्वेपासून आठ मैलच लांब होतं. तेवढ्यासाठीही जलंबपासून वेगळा फाटा टाकला, आणि 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला. आठ मैलांच्या रेल्वेला व्हाइसरॉय! कापसाचा दरारा एवढा.

त्याआधी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवरून मिर्झापूरपर्यंत जाई. वर जाताना मीठ, खाली येताना धान्य, कापूस. शेकडो बैलांचे तांडे, पाठीवर गोण्या, पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा. बैलाला घाट आणि सपाटी यांत फार फरक पडत नाही. चारा-पाणी असलं की तो चालतो. त्या व्यवस्थेत घाटावरचं गोड पाणी आणि गवत ही जमेची बाजू होती. आगगाडीला मात्र गवताचं कौतुक नाही. म्हणजे डोंगर तेवढाच राहिला, वाहन बदललं, आणि त्याच डोंगराचा अर्थ बदलला. मेहकर-लोणार तालुक्यांत बंजारा समाजाचे जे तांडे आज स्थिर झालेले दिसतात, त्यांच्या पूर्वजांची ही वाहतूक रेल्वेनं आणि बैलगाडीच्या सडकांनी संपवली. देशभर फिरणारा माणूस आडबाजूच्या वस्तीतला झाला. दूरपणा लादला जातो म्हणजे काय, याचं याहून स्पष्ट उदाहरण आमच्यापाशी नाही.

तिसरी बाजू दक्षिणेची. मेहकर, सिंदखेड वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांकडे. पलीकडे जालना, जिंतूर, हिंगोली निजामाकडे. पूर्वी हा एकच मुलूख, सोयरिकी त्याच, जत्रा त्याच, नदीही तीच. आता मध्ये सरहद्द आली आणि निजामाच्या करोडगिरीचे नाके आले. करोडगिरी म्हणजे जकात. बैलगाडी अडवा, माल उतरवा, मोजा. तिकडे 1900 च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत निजामाची रेल्वे निघाली. म्हणजे घाटाखाली एक रेल्वे, सरहद्दीपलीकडे दुसरी, आणि मधलं अख्खं पठार कोरडं. उत्तरेला कडा, दक्षिणेला नाका.

आणि ते पठार अजून कोरडंच आहे, मंडळी. खामगाव ते जालना रेल्वे व्हावी ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. सर्वेक्षणं झाली, निवेदनं झाली, आंदोलनं झाली, निवडणुका तर त्यावर किती झाल्या. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा, यांपैकी एकाही ठिकाणी आज रेल्वे स्टेशन नाही. जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या बुलढाण्यातही नाही. आम्ही विद्यार्थी असताना नागपूरला परीक्षेला जायचं तर आदल्या दिवशी एसटीनं घाट उतरायचा, मलकापूरच्या फलाटावर ट्रंकेवर बसून रात्र काढायची आणि पहाटेची पॅसेंजर धरायची. अंतर नागपूरचं होतं, पण थकवा यायचा तो मलकापूरपर्यंतच. पेपर लिहिताना डोळे मिटत. घाटाखालची मुलं रात्री घरी झोपून आलेली असत. गुणपत्रिकेत या झोपेचा उल्लेख नसतो.

घाटावरच्या माणसानं मग आपलं मोजमाप तयार केलं. गाव जवळचं की लांबचं हे किलोमीटरवर ठरत नाही. गावात मुक्कामी गाडी येते का, यावर ठरतं. रात्री एसटी गावात मुक्कामाला राहिली म्हणजे सकाळी पहिली गाडी आपली : दवाखाना, कॉलेज, कोर्ट, सगळं गाठता येतं. मुक्कामी गाडी बंद झाली की गाव एका रात्रीत दहा कोस मागे जातं. आणि ज्या गावाला गाडीच नाही ते 'फाट्यावरून आत' असतं. फाटा हा शब्द आमच्या मते घाटावरच्या भूगोलाचा कणा आहे. नकाशावर तो नसतो, आयुष्यात असतो.

मग समृद्धी महामार्ग आला. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी भाग सुरू झाला, 2025 मध्ये संपूर्ण 701 किलोमीटर. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांमधून तो जातो. अकबराच्या काळानंतर पहिल्यांदाच मुख्य रस्ता पुन्हा घाटावरून गेला आहे, ही खरोखर मोठी गोष्ट. पण हा रस्ता बंदिस्त आहे. दोन्ही बाजूंना कुंपण. चढायचं ते ठरलेल्या ठिकाणीच. शेतकरी नांगर धरून उभा आहे, शंभर पावलांवरून गाडी ताशी एकशेवीसच्या वेगानं जाते आहे, आणि त्या गाडीत बसायला त्याला आधी वीस-पंचवीस किलोमीटर दुसरीकडे जावं लागेल. वैशेषिकांनी हा प्रकार पाहिला असता तर पंचविसावा गुण सांगितला असता. मध्यरात्री त्याच रस्त्यावर, सिंदखेडराजाजवळ, 1 जुलै 2023 ला बस पेटून पंचवीस माणसं गेली, हेही विसरता येत नाही. रस्त्यावर असण्याची किंमत असते, असं आम्ही मघाशी म्हणालो ते 1804 बद्दल होतं.

सोयाबीनचा भाव कुठे ठरतो? इथून फार दूर. 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आलं त्यांत बुलढाणा होता, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. त्या सहा जिल्ह्यांतली कितीतरी गावं हमरस्त्यावरची होती, रेल्वेकाठची होती. तेव्हा रस्ता आला की सगळं सुटेल असं आम्ही म्हणत नाही. रस्ता नसताना काय सुटत नाही, एवढं आम्हाला मलकापूरच्या फलाटावर कळलं होतं.

अजून एका अंतराबद्दल बोलायला हवं, नाहीतर आमचं आजचं बोलणं लबाडीचं होईल. सगळा दोष दिल्ली-मुंबईवर टाकून आपण मोकळे होतो. याच पठारावर, देऊळगावराजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे संत चोखोबांचं जन्मगाव मानतात. गावापासून त्यांचं अंतर किती? वेशीबाहेर, म्हणजे पन्नास पावलं. ती पन्नास पावलं मलकापूर-नागपूरपेक्षा लांब होती. पुढे मंगळवेढ्याला गावकूस बांधण्याच्या कामावर वेठीला धरलेले असताना ती भिंत कोसळून 1338 मध्ये त्यांचा अंत झाला. ज्या कुसाच्या आत जागा नव्हती, तेच कूस बांधताना. नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणल्या, समाधी झाली महाद्वारात. दारात, आत नाही. त्या दारातून आत जायला त्यांच्या समाजाला 1947 साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं आणि काही पायऱ्या. आमच्या तक्त्यात हे अंतर कुठल्या रकान्यात बसवणार होतो?

आता हिवरा आश्रम. 1965 मध्ये शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम सुरू केला. स्वामी विवेकानंद 1892 मध्ये पुणे, महाबळेश्वर, कोल्हापूर, बेळगाव असे फिरले, खंडव्यालाही राहिले, पण घाटावर त्यांचा पाय लागला नाही. कोलकात्याच्या एका संन्याशाचं नाव हिवराच्या माळावर रुजवायचं ही कल्पना त्या वेळी कुणालाही अजब वाटली असती. महाराजांनी सुरुवात प्रवचनानं केली नाही, रुग्णसेवेनं केली. लोक बैलगाडीनं, पायी, आजाऱ्याला खाटेवर घालून येत. मग शाळा, वसतिगृहं, दवाखाना, कृषी महाविद्यालय. कोराडी धरणाच्या पाण्यात विवेकानंदांचं स्मारक. 2017 मध्ये महाराज गेले. काम चालू आहे.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून आम्हाला यातली एक गोष्ट विशेष वाटते. साधारणपणे आडगावाच्या विकासाची कल्पना अशी असते की इथल्या मुलाला शहरापर्यंत पोचवा. म्हणजे 'जिथून' हा रकाना शहरासाठी राखीवच. इथे उलट झालं. जिथून मोजायचं ती जागाच हिवरा झाली. घाटाखालचा माणूस, मराठवाड्यातला माणूस आपल्या गावापासून हिवरा किती लांब ते मोजू लागला.

पौष महिन्यात हे डोळ्यांनी दिसतं. जिजाऊंची जयंती 12 जानेवारीला, विवेकानंदांची जन्मतारीखही 12 जानेवारी, 1863 सालची. तिथीनं पाहिलं तर एक पौष पौर्णिमेला, दुसरी पौष वद्य सप्तमीला. म्हणजे सातच दिवसांचं अंतर. तारखेनं सिंदखेडराजा आणि तिथीनं हिवरा, असे थंडीच्या त्या दिवसांत लाखो लोक घाटावर चढून येतात. हिवऱ्याच्या महाप्रसादाची पंगत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहावी. मोकळ्या रानात माणसांच्या रांगाच रांगा, मधून ट्रॅक्टर हळूहळू चालतात, ट्रॉलीत पुऱ्यांचे ढीग आणि वांग्याची भाजी, वाढपी ट्रॉलीतून वाढत पुढे सरकतात. कोण घाटावरचा, कोण घाटाखालचा, कोण वेशीच्या कुठल्या बाजूचा, पंगतीत विचारत नाहीत. पंगत उठल्यावर विचारतात की नाही, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. तुम्ही इथं राहता.

परवा इथे येताना फाट्यावर दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. आम्ही विचारलं, गाडी कितीची? एक म्हणाली, "आजोबा, यायची तर साडेदहाला असते, पण भरवसा नाही." दुसरी मोबाईलवर व्याख्यान ऐकत होती, कुठल्याशा परदेशी विद्यापीठातलं. अकरा वाजले तरी गाडी आलेली नव्हती.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. साखरखेर्ड्याच्या लढाईबद्दल आणि खामगाव-जालना रेल्वेबद्दल प्रश्न येतील असं वाटतं. रेल्वेबद्दलचे आधी घेऊ, ते जास्त जुने आहेत.